उट्रेख्तमध्ये दोघी मैत्रिणी, चार रात्री आणि सतरा ठिकाणांची यादी

नमस्कार ताई,

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि तुमची शाळेपासूनची मैत्रीण २४ एप्रिलला शुक्रवारी सकाळी नेदरलँड्समधल्या स्किफोल विमानतळावर उतरणार, चार रात्री उट्रेख्तमध्ये राहणार आणि २८ तारखेला मंगळवारी रात्रीच्या विमानाने परतणार. तिला संग्रहालयं आणि जुन्या इमारतींची आवड, तुम्हाला बागा, बाजार आणि पायी भटकणं. तुमचा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. दोघी शाकाहारी, मैत्रीण अंडंही खात नाही. सोबत सतरा ठिकाणांची यादी जोडली आहे आणि तिचं तासावार वेळापत्रक करून हवंय.

तासावार वेळापत्रक मी देणार नाही. मी उट्रेख्तमध्येच राहते आणि भारतातून येणाऱ्यांना हे शहर दाखवणं हे माझं काम आहे. त्यात जे दिसतं त्यावरून सांगते, दोघांच्या सहलीत ठिकाणं हुकल्यामुळे फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते एकमेकींसाठी थांबण्यात. एकीचं पाहून झालेलं असतं, ती दारात उभी राहते. दुसरी आत असते, पण मैत्रीण ताटकळतेय या विचाराने तिचंही लक्ष उडतं. मग संध्याकाळी 'आता काय करायचं?' याला दोन्हीकडून एकच उत्तर, 'तू म्हणशील तसं.' हे तीनदा झालं की चौथ्या दिवशी जेवताना दोघी गप्प. तुमची मैत्री जुनी आहे, पण सलग चार दिवस एका खोलीत राहून परक्या शहरात फिरणं वेगळं असतं.

म्हणून निघण्याआधी एक करा. दोघींनी वेगवेगळ्या बसून, एकमेकींना न दाखवता, 'हे राहिलं तर मला हळहळ वाटेल' अशी तीन-तीनच ठिकाणं लिहा. मग कागद समोरासमोर ठेवा. जे दोन्हीकडे असेल ते एकत्र, आणि तेही सुरुवातीच्या दिवसांत, पाय ताजे असताना. उरलेलं ज्याचं त्याने बघावं. सतरांपैकी बाकीची ठिकाणं वाटेत आली तर आली. पुढे मी जे सुचवतेय ते तुमच्या पत्रावरून बांधलेले अंदाज आहेत. तुमच्या कागदांवर दुसरं काही निघालं तर खुशाल बदला.

आता तुमच्या यादीत जे नव्हतंच ते. २७ एप्रिल हा इथल्या राजाचा वाढदिवस, किंग्ज डे. (२७ तारीख रविवारी आली तर तो आदल्या दिवशी साजरा होतो, यंदा सोमवार असल्याने तो प्रश्न नाही.) राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म १९६७ साली उट्रेख्तमध्येच झाला, पण त्यापेक्षा तुमच्या कामाची गोष्ट अशी की, त्या दिवशी देशभर खुला बाजार भरतो. कोणीही रस्त्यावर चादर पसरून घरातलं जुनं सामान विकू शकतं. उट्रेख्तमध्ये हा बाजार आदल्या संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि रात्रभर चालतो. म्हणजे तुमच्या चार रात्रींपैकी एक रात्र शहर झोपणारच नाही. याचे तीन परिणाम लक्षात घ्या. हॉटेलं भरलेली आणि महाग असतात, तेव्हा बुकिंग झालं नसेल तर आजच करा. खोली कालव्याच्या किंवा मुख्य रस्त्याच्या बाजूची घेऊ नका. आणि सोमवारी बस शहराच्या मध्यातून जात नाहीत, बऱ्याच जागा बंद असतात. तसंही इथली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंदच असतात, त्यामुळे त्या अर्थाने तुमचं नुकसान कमीच.

तुमच्यासारख्या बाजारवेड्या माणसाला ही तारीख आपोआप मिळाली, हे नशीब समजा. मैत्रिणीला गर्दी सोसते का, हे मात्र तिलाच विचारा.

शुक्रवारपासून सुरू करू. स्किफोलहून उट्रेख्तला थेट गाडी अर्ध्या तासाच्या आसपास घेते. उन्हाळी वेळेमुळे आपल्यात आणि इथे फरक साडेतीन तासांचाच, त्यामुळे दिवसा झोपायची गरज पडत नाही. पण प्रवासाचा शीण असतो. अशा दिवशी मी कुणालाही चालायला लावत नाही. सामान हॉटेलात टाकून दुपारी स्पेलक्लोक संग्रहालयात जा. जुन्या बुअरकेर्क नावाच्या चर्चमध्ये आपोआप वाजणारी वाद्यं मांडली आहेत: इवल्याशा संगीत-घड्याळापासून ते भिंतीएवढ्या रस्त्यावरच्या ऑर्गनपर्यंत. मार्गदर्शक ती एकेक करून प्रत्यक्ष वाजवून दाखवतो. कागदाची भोकं पाडलेली पट्टी आत सरकते आणि त्या भोकांप्रमाणे नळ्यांतून हवा सुटते, हे तुम्ही हातभर अंतरावरून पाहता. संग्रहालय आवडणारीला संग्रहालय मिळतं, न आवडणारीला नुसतं ऐकायचं असतं. पहिल्या दिवसासाठी याहून बरी जागा मला माहीत नाही.

स्टेशनातून बाहेर पडताना दहा मिनिटं काढून चौकाखालचा सायकलतळ बघून घ्या. तीन मजले, साडेबारा हजार सायकली, जगातला सगळ्यात मोठा. बघायला पैसे पडत नाहीत.

शनिवार हा या शहराचा खरा दिवस आहे आणि तुमच्या वाट्याला तो एकच आहे, म्हणून तो पूर्ण उट्रेख्तला द्या. सकाळी ब्रेडस्ट्राट या रस्त्यावर कापडबाजार भरतो. ठाणच्या ठाण, लोकर, बटणं, लेस, उरलेले तुकडे. चारशे वर्षांहून जुना बाजार आहे आणि अजूनही त्यात येणारे बहुतेक जण घरी शिवणारे असतात. तिथून पाच-सात मिनिटांवर यान्सकेर्कहोफ या चौकात शनिवारीच फुलबाजार असतो. एप्रिलअखेरीस ट्युलिपच्या जुड्या इथे बागेपेक्षा जवळून बघायला मिळतात. बाजार तुमचा, तेव्हा मैत्रिणीला इथे फार वेळ धरून ठेवू नका. ती आधी डोम चर्चमध्ये गेली तरी चालेल. अकरा वाजता डोम मनोऱ्यातला घंटावादक तासभर घंटा वाजवतो. त्या वेळी दोघी जिथे असाल तिथे ऐकू येईल.

डोमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चौकात उभं राहूनही बऱ्याच जणांना तिथे काय घडलं ते दिसत नाही. मनोरा एका बाजूला, चर्च दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मोकळी जागा. पाहुणे विचारतात, या दोन वेगळ्या इमारती का? त्या वेगळ्या नव्हत्या. १३२१ ते १३८२ या काळात मनोरा झाला, चर्चचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं, मग पैसा आटला. मधला लांबट भाग पुरेसे आधार न देताच उभा केला गेला. १ ऑगस्ट १६७४ रोजी वादळ आलं आणि नेमका तोच भाग कोसळला. पुढे दीडशे वर्षं दगडांचा ढिगारा तसाच पडून होता. आज चौकाच्या फरशीत वेगळ्या रंगाचे दगड बसवून पडलेल्या खांबांच्या जागा दाखवल्या आहेत. त्या खुणांवरून मनोऱ्याकडून चर्चच्या दाराकडे सावकाश चालत जा, म्हणजे मूळ इमारत किती लांब होती ते पायांना कळतं. चर्चच्या आत भिंतीवर एक दगडी कोरीव पट्ट आहे, त्यातल्या संतांचे चेहरे तासून सपाट केलेले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात मूर्तिभंजकांनी केलेलं ते काम. अंगावरच्या वस्त्रांची चुणी न्‌ चुणी शाबूत आहे, रंगही टिकलाय, फक्त चेहरे नाहीत. तुमची मैत्रीण तिथे बराच वेळ काढणार, हे आताच गृहीत धरा.

आणि मनोरा. ११२ मीटर उंच, ४६५ पायऱ्या, वर फक्त मार्गदर्शकाबरोबर आणि ठरलेल्या वेळेलाच जाता येतं. गोल दगडी जिना, अरुंद, मध्येच परत फिरणं अवघड. ताई, गुडघ्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून स्पष्ट सांगते, तुम्ही चढू नका. चढण एकवेळ जमेल, उतरण त्रास देईल आणि पुढचे तीन दिवस हातचे जातील. पण मैत्रिणीला 'तू नाहीस तर मीही नाही' असं म्हणू देऊ नका. अशा ठिकाणी वेगळं व्हायला शिकलं पाहिजे. तिचं तिकीट एकटीचं काढा. ती वर जाईल तेव्हा तुम्ही चर्चला लागून असलेल्या पांडहोफमध्ये बसा. चारी बाजूंनी कमानींची ओवरी, मध्ये औषधी वनस्पतींचे वाफे, कारंजं. कमानींच्या वरच्या दगडी त्रिकोणांत संत मार्टिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. याच मार्टिनने आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. शहराच्या चिन्हातला लाल-पांढरा रंग त्या झग्यावरून आला असं मानतात. बागवेडीला तासभर इथे सहज जातो, आणि बाजूलाच असलेल्या विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात १५७९ साली उट्रेख्तचा करार झाला, ज्यातून पुढे डच प्रजासत्ताक उभं राहिलं. ते मैत्रिणीने खाली आल्यावर तुम्हाला सांगू द्या.

मनोऱ्याची वेळ निवडताना एक वाजताची सोडून निवडा. कारण शनिवारी दुपारी एक वाजता आउडेखराख्त या जुन्या कालव्याच्या दक्षिणेकडच्या भागात एक पाथरवट येऊन बसतो आणि रस्त्याच्या दगडात एकच अक्षर कोरतो. २०१२ पासून हे चालू आहे. एक कविता आहे, ती दर शनिवारी एका अक्षराने वाढते. एका कवीचा भाग संपला की पुढचा कवी लिहितो आणि ती संपवायची नाही असंच ठरलेलं आहे. आकर्षण म्हणून त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही: एक माणूस, छिन्नी, थोडी दगडाची भुकटी आणि बघे पाच-दहा. पण मी ज्यांना ज्यांना तिथे नेलं ते नंतर त्याच्याबद्दल बोलले, मनोऱ्याबद्दल कमी.

तिथे जाता-येता कालव्याची रचना बघाच. उट्रेख्तचे कालवे अॅमस्टरडॅमसारखे रस्त्याच्या पातळीला नाहीत. पाणी खाली, पाण्यालगत धक्का, आणि धक्क्यावर उघडणारी तळघरं, जी वरच्या रस्त्याखालून थेट घरापर्यंत जातात. वाड्याच्या तळघराचं दार नदीच्या घाटावर उघडावं तसं. मध्ययुगात व्यापाऱ्यांचा माल बोटीतून उतरून सरळ तळघरात जायचा. आता तिथे उपाहारगृहं आणि छोट्या कार्यशाळा आहेत. आजही जवळच्या खानावळींची पिंपं महापालिकेची विजेवर चालणारी बोट पोचवते, जड ट्रकांनी तळघरांची छतं खचू नयेत म्हणून. खाली उतरणारे जिने उभे आहेत आणि काही ठिकाणी धरायला कठडा नाही. धक्क्याच्या भिंतींची डागडुजी वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने चालू आहे, त्यामुळे एखादा पट्टा बंद सापडेल. तुम्ही एकच सोयीचा जिना बघून एकदाच उतरा, खाली बसून कॉफी घ्या आणि त्याच जिन्याने वर या.

रविवारी सकाळी एक गोष्ट एकत्र, मग दिवसभर वेगळ्या, संध्याकाळी परत एकत्र. एकत्र करायची गोष्ट म्हणजे रिटफेल्ड-श्र्योडर घर. जुन्या इमारती आवडणाऱ्या मैत्रिणीच्या यादीत हे नव्हतं याचं मला आश्चर्य वाटलं. १९२४ साली त्रुस श्र्योडर या तीन मुलांच्या विधवा आईने खेरिट रिटफेल्ड या सुतारकामातून वास्तुरचनेकडे वळलेल्या माणसाबरोबर ते बांधून घेतलं. साध्या विटांच्या घरांची रांग जिथे संपते तिथे पांढऱ्या-करड्या पत्र्यांसारख्या भिंतींचं, लाल-निळ्या-पिवळ्या रेघांचं हे घर चिकटलेलं आहे. वरच्या मजल्यावर खोल्या नाहीत, सरकत्या भिंती आहेत. दिवसा सगळा मजला एक, रात्री भिंती ओढल्या की मुलांच्या खोल्या तयार. बांधकामाच्या नियमांत हे बसणार नव्हतं, म्हणून नकाशावर त्या मजल्याला 'माळा' म्हटलं गेलं. तिथल्या कोपऱ्यातली खिडकी नीट बघा. कोपऱ्यावर खांबच नाही. दोन्ही तावदानं उघडली की घराचा कोपराच नाहीसा होतो. त्रुसबाई १९८५ साली वारल्या, तोपर्यंत त्याच घरात राहत होत्या. आत ठरावीक माणसांनाच आणि वेळ ठरवूनच सोडतात, आयत्या वेळी जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका.

घर बघून झालं की तिथेच फुटा. मैत्रीण परत शहरात सेंट्राल म्युझियममध्ये जाईल. तिथे रिटफेल्डचं फर्निचर, काराव्हाजो या इटालियन चित्रकाराच्या प्रभावातले उट्रेख्तचे चित्रकार आणि तळघरात सुमारे हजार वर्षांपूर्वीची एक अख्खी लाकडी नौका आहे. नाइन्ये या सशाचा जनक डिक ब्रुना याचा स्टुडिओही तिथेच मांडून ठेवलाय. (नाइन्येचं वेगळं संग्रहालय समोर आहे, ते चिल्ल्यापिल्ल्यांसाठी. तुमच्या यादीतून ते खोडलं.) तुम्ही मात्र विल्हेल्मिना पार्कमधून पूर्वेकडे निघा आणि क्रोमे राइन नदीच्या काठाने आमेलिसवेर्डच्या रानात जा. सपाट वाट, बीचची जुनी झाडं, एप्रिलअखेरची कोवळी पालवी. १९८२ साली महामार्गासाठी इथली झाडं तोडायला लागले तेव्हा माणसं झाडांवर चढून बसली होती. महामार्ग शेवटी झाला आणि रानाच्या कडेने त्याचा आवाज येतो, पण आत गेलं की विसरायला होतं. पुढे ऱ्हाइनआउवनला प्रसिद्ध पॅनकेकचं दुकान आहे. त्यात अंडं असतं, तेव्हा ते एकटीने जाल त्याच दिवशी उरकलेलं बरं.

सायकल घ्यावी का, असंही विचारलंत. भारतात अलीकडे चालवत नसाल तर जुन्या शहरात नको. इथे भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, उलटं पॅडल मारलं की थांबते. ते पायात बसायला वेळ लागतो आणि मागचे लोक तेवढा धीर धरत नाहीत. पायी चालतानाही लाल डांबराची पट्टी ही सायकलींची, तिच्यावर थांबून फोटो काढू नका.

संध्याकाळी सहापासून खुला बाजार. आदल्या दिवसापासूनच रस्त्यांवर खडूने आणि चिकटपट्टीने चौकोन आखून लोकांनी आपापल्या जागा धरून ठेवलेल्या दिसतील. पोरं व्हायोलिन वाजवून पैसे मागतात, घरचे केक विकतात, जुनी कपबशी युरो-दोन युरोला मिळते. सुटी नाणी ठेवा. एरवी या देशात कार्डानेच सगळं चालतं, पण चादरीवरची दहा वर्षांची विक्रेती कार्ड घेत नाही. रविवार रात्र की सोमवार सकाळ, हे तुमच्या सोसण्यावर. मला विचाराल तर पन्नाशीच्या पाहुण्यांना मी सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला नेते. रात्रीचे पिणारे घरी गेलेले असतात, दुपारची गर्दी अजून यायची असते. दुपारनंतर मात्र हॉटेलात पाय वर करून पडा.

आता अॅमस्टरडॅम. तुमच्या यादीत त्याच्या नावावर सहा ठिकाणं आहेत. किंग्ज डेला तिथे जाऊ नका, गाड्यांत उभं राहायला जागा नसते. मग उरतो रविवार. उट्रेख्तहून दर दहा मिनिटांनी गाडी आणि अर्ध्या तासाच्या आत अॅमस्टरडॅम, त्यामुळे अशक्य काहीच नाही. प्रश्न कशाच्या बदल्यात, हा आहे. मैत्रिणीच्या तीन ओळींत रायक्स म्युझियम असेल तर तिने रविवारी एकटीने सकाळी जावं, वेळेचं तिकीट आधी काढून, आणि पाचच्या आत परतावं. श्र्योडर घर मग शुक्रवारी दुपारी हलवा, स्पेलक्लोक गाळा. पण 'अॅमस्टरडॅम न बघता आलात?' असं कुणीतरी विचारेल, एवढ्यासाठी जाणार असाल तर नको. गिथॉर्न हे कालव्यांचं गाव तर सरळ काढून टाका. उट्रेख्तहून जायला-यायला चार तास जातात आणि तुमच्याकडे तो दिवसच नाही.

क्युकेनहॉफ ही ट्युलिपची बाग मात्र तुमच्या कागदावर पहिली असणार, आणि ती मी मुद्दाम मंगळवारवर ठेवलीय. परतीचं विमान रात्रीचं आहे. सकाळी खोली सोडून गाडीने स्किफोलला या, बॅगा तिथल्या लॉकरमध्ये टाका, विमानतळावरूनच क्युकेनहॉफची बस सुटते. दुपारी चारच्या सुमाराला परत विमानतळावर. बागेचा हंगाम मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच असतो. तिकीट तारीख आणि वेळ ठरवून आधी काढावं लागतं. एक अपेक्षा मात्र आधीच खाली आणते. बाहेरच्या शेतांतले रंगीत पट्टे २८ एप्रिलपर्यंत दिसतीलच असं नाही. शेतकऱ्याला फूल नको असतं, कंद हवा असतो. फुलं उमलून रोगट रोपं तपासून झाली की यंत्राने फुलांचे माथे उडवतात. तो वर्षावर्षाच्या थंडीचा खेळ आहे. आतल्या बागेत उशिरा फुलणारे ट्युलिप लावलेले असतात, ती निराशा करणार नाही.

इथपर्यंतचं एका दमात: शुक्रवारी वाद्यं, शनिवारी बाजार-डोम-कालवा, रविवारी श्र्योडर घर आणि मग दोघी दोन वाटांना, सोमवारी खुला बाजार, मंगळवारी क्युकेनहॉफ. आधी काढायची तिकिटं चार: श्र्योडर घर, डोम मनोरा (एकच), क्युकेनहॉफ आणि वाटलंच तर रायक्स. बाकी काहीही आधी बांधून ठेवू नका. आणि वेगळ्या होताना दर वेळी भेटायची जागा आणि वेळ तोंडाने पक्की करा, 'फोन करते' यावर सोडू नका. पाऊस आला तरी बसता येईल अशी जागा निवडा.

आता किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी.

गाडी आणि बसमध्ये चढताना-उतरताना कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवलं की झालं, वेगळं तिकीट लागत नाही. पण माणशी एक कार्ड लागतं. एका कार्डावर दोघी जाऊ शकत नाही. चढताना जे कार्ड टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. फोनमधलं कार्ड आणि तेच प्लास्टिकचं कार्ड या यंत्राला दोन वेगळ्या वस्तू वाटतात. उतरताना टेकवायचं राहिलं तर भुर्दंड बसतो. व्हिसा किंवा मास्टरकार्ड आणा, रूपे इथे चालत नाही. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी निघण्याआधी चालू करा, आपल्याकडे त्या मुळात बंद असतात. जेवणखाण आणि किरकोळ खर्चासाठी दोघींचा एक सामायिक खर्च ठेवा, आणि एकटीने केलेल्या गोष्टी ज्याच्या त्याच्या. म्हणजे मनोऱ्याच्या तिकिटावरून उगाच संकोच नको.

हॉटेल घेताना लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. जुन्या घरांतल्या हॉटेलांचे जिने शिडीसारखे उभे असतात. दोन वेगळे पलंग हवेत हेही सांगा. बुकिंगवर दोघींची नावं असू द्या, व्हिसाच्या अर्जाला ते लागतं, कारण अर्ज दोघींचे वेगळे जातात. २०२६ पासून मुक्कामावरचा कर ९ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेलाय, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतल्या किमतींवर विसंबू नका.

खाण्याचं. स्टेशनच्या मागे दहा मिनिटांवर लोम्बोक नावाची वस्ती आहे, तिच्या कनालस्ट्राटवर तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी दुकानं आहेत. सुरिनामी रोटीची जागा शोधा. १८७३ पासून कलकत्त्याहून सुरिनामला मजूर म्हणून नेलेल्या भोजपुरी लोकांची ही थाळी, १९७५ च्या सुमाराला सुरिनाम स्वतंत्र होताना त्यांच्याबरोबर हॉलंडमध्ये आली. मोठी मऊ रोटी, बटाट्याची रस्सा भाजी, चवळीच्या लांब शेंगा. शाकाहारी मागितली तरी उकडलेलं अंडं बरेचदा वर येतं, म्हणून मागतानाच 'अंडं नको' सांगा. सुपरमार्केटच्या पाकिटावर घटकांच्या यादीत अॅलर्जीचे पदार्थ ठळक छापतात. ठळक अक्षरांत ई आणि आय ही दोनच अक्षरं जोडून दिसली की त्यात अंडं. स्ट्रूपवाफेलही बघूनच घ्या. चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) चालत नसेल तर दुकानात शाकाहारी चीज मागा, मिळतं. घरून थेपले, चटण्या, खाकरे खुशाल आणा, पण पेढे, तूप, पनीर असलं दुधाचं काही नको. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. रात्रीचं जेवण साडेसात-आठला उरका, स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. नळाचं पाणी निर्धास्त प्या.

स्वच्छतागृहाला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात आणि ती शोधावीही लागतात. संग्रहालयातून निघताना जाऊन घ्या, हा आमच्या धंद्यातला पहिला सल्ला. छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट आणा, वाऱ्यात छत्री टिकत नाही. एप्रिलअखेरीस सूर्य नऊच्या आसपास मावळतो, पण हवा गार असते, आत एक लोकरीचं असू द्या.

गुडघ्यासाठी पट्टा वापरत असाल तर तो हातातल्या बॅगेत ठेवा. जुन्या शहरातली फरसबंदी उंचसखल आहे, पहिल्याच दुपारी लागेल. दोघींच्या तीन-तीन ओळी लिहून झाल्या की इथे टाका, मग शनिवारचा मनोरा नेमका किती वाजता धरायचा ते सांगते.